डायनॅमिक पान बनतं कुठे, कधी आणि कोण बनवतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावातलं ब वर्गाचं वाचनालय, वीस हजारांच्या आसपास पुस्तकं, दीड हजार सभासद. वेबसाइट करून घ्यायची आहे. चौकशी केली तेव्हा दोन दर सांगितले गेले: स्टॅटिक साइट स्वस्त, डायनॅमिक साइट चौपट महाग. डायनॅमिक म्हणजे नेमकं काय, आत काय चालतं आणि वाचनालयाला ती लागेल का?

आधी डायनॅमिक काय नाही ते बघू, कारण दर सांगणारे बरेचदा इथेच घोळ घालतात. मुखपृष्ठावर फोटो आपोआप सरकतात, वर सूचनांची पट्टी धावते, मेन्यूवर बोट ठेवलं की तो खाली उघडतो. एवढ्यावरून साइट डायनॅमिक ठरत नाही. ही सगळी हालचाल वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होते. सर्व्हरवरून, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावरून, आलेली फाइल सगळ्यांना एकच असते. विचारायचं ते एवढंच: हे पान तयार कधी झालं? वाचणाऱ्याच्या ब्राउझरकडून मागणी येण्याआधी, की मागणी आल्यावर?

स्टॅटिक पान आधीच तयार असतं. सर्व्हरच्या डिस्कवर एचटीएमएलची (वेब पान लिहिण्याच्या भाषेतली) एक फाइल पडलेली असते. मागणी आली की अपाची किंवा एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर ती उचलतो आणि जशीच्या तशी पाठवतो. काम एक-दोन मिलिसेकंदांचं. डायनॅमिक पानाची अशी फाइलच नसते. तुमच्या साइटवर दाखल क्रमांक ४५२ च्या पुस्तकाचं पान दिसेल, पण सर्व्हरवर ते शोधायला गेलात तर सापडणार नाही. मागणी आल्यावर एक प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून, म्हणजे टेबलांत साठवलेल्या नोंदींतून, त्या पुस्तकाची माहिती काढतो, साच्यात (टेम्पलेटमध्ये) भरतो, तयार झालेला मजकूर पाठवतो आणि विसरून जातो. वीस हजार पुस्तकांची वीस हजार पानं असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एक प्रोग्राम, एक टेम्पलेट आणि वीस हजार ओळींचं एक टेबल असतं. नवीन पुस्तक आलं तर टेबलात एक ओळ वाढवायची, पान आपोआप ‘असतं’.

१९९१ साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून वेब बाहेर पडलं तेव्हा बहुतेक पानं स्टॅटिकच होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणन केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर सीजीआय ही पद्धत आली: पत्ता विशिष्ट असेल तर फाइल पाठवू नका, त्या नावाचा प्रोग्राम चालवा आणि तो जे छापेल ते पाठवा. कल्पना आजही तीच आहे. अडचण अशी होती की प्रत्येक मागणीला नवा प्रोसेस (प्रोग्रामची एक चालती प्रत) सुरू व्हायचा, काम करून मरायचा. शंभर जण एकदम आले की शंभर प्रोसेस. पुढे प्रोग्राम आधीच चालू ठेवून त्यांच्याकडे मागण्या सोपवायची पद्धत रुळली. रास्मुस लेर्डॉर्फने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा तर एचटीएमएलच्या मधेच लिहिता येत होती आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटना मिळून भाड्याने दिलेल्या एका सर्व्हरवर) सहज चालत होती. आज तुम्हाला मिळणाऱ्या दरपत्रकात वर्डप्रेस (पीएचपीत लिहिलेली तयार साइट-प्रणाली), पीएचपी, मायएसक्यूएल (डेटाबेस) हीच नावं दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. पायथॉन, जावा, नोड अशा इतर साधनांतही हेच काम होतं. पुढचं उदाहरण पीएचपीचं घेतो, कारण तुमच्या वाट्याला बहुधा तेच येईल.

आता एका टिचकीचा माग काढू. सभासद मोबाइलवर पुस्तकाच्या नावाला बोट लावतो. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘आयडी=४५२’ असं काहीतरी असतं. ब्राउझर आधी डोमेनच्या, म्हणजे साइटच्या, नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) मिळवतो. मग सर्व्हरशी जोडणी. इथे फेरी म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येणं: जोडणी उघडण्याच्या टीसीपी या नियमांची एक फेरी, टीएलएस १.३ असेल तर कूटबद्धतेसाठी आणखी एक, आणि मागणी व उत्तर मिळून तिसरी. टीएलएस १.२ असेल तर चार. हे फेऱ्यांचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण स्वस्त होस्टिंगचा सर्व्हर अनेकदा अमेरिकेत असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते आणि फेरी २०० च्या आसपास पोहोचते. तीन फेऱ्या म्हणजे ६०० मिलिसेकंद, आणि अजून पहिलं अक्षरसुद्धा आलेलं नाही. सर्व्हर मुंबईत असेल तर महाराष्ट्रातून हीच फेरी साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांत होते. सभासद सगळे जिल्ह्यातले असताना साइट अटलांटिकच्या किनाऱ्यावर ठेवण्यात काही अर्थ नाही. होस्टिंग घेताना जागा कुठली, हे विचारा आणि लेखी घ्या.

मागणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या ठरलेल्या दारावर) एनजिनएक्सला मिळते. मागितलेली गोष्ट फोटो किंवा सीएसएस (पानाच्या दिसण्याचे नियम असलेली फाइल) असेल तर तो स्वतःच देऊन मोकळा होतो. पीएचपीचं पान असेल तर ती मागणी तो पीएचपी-एफपीएमकडे, म्हणजे पीएचपी प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थापकाकडे, सरकवतो. एफपीएमकडे ठरावीक कामगार प्रोसेस आधीच तयार बसलेले असतात. मोकळा असेल त्याला ती मागणी मिळते. हा कामगार पत्त्यातला ४५२ उचलतो, तो खरोखर पूर्णांक आहे का हे तपासतो, ३३०६ पोर्टवरच्या मायएसक्यूएलला विचारतो: पुस्तकांच्या टेबलातली ४५२ क्रमांकाची ओळ दे. मग दुसरी विचारणा: या पुस्तकाच्या किती प्रती आहेत आणि देवघेवीत किती बाहेर आहेत. सभासदाने लॉगिन केलेलं असेल तर तिसरी: हा कोण, वर्गणी भरलेली आहे का. उत्तरं आली की टेम्पलेटमधल्या रिकाम्या जागा भरल्या जातात आणि ४० केबीचं एचटीएमएल तयार होतं.

ते पाठवण्याआधी दाबून लहान केलं जातं, आणि इथे मराठीला एक गमतीशीर फायदा मिळतो. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजीचं एक. ऐकायला वाईट वाटतं. पण त्या तीनपैकी पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा दोनच किमतींपैकी एक. जीझिप या दाबण्याच्या पद्धतीला अशी पुनरावृत्ती आवडते, त्यामुळे तारेवरून जाणारा आकार भीती वाटते तितका वाढत नाही. होस्टिंगवर जीझिप चालू आहे का, एवढं मात्र बघून घ्या.

या सगळ्यात सर्व्हरवरचा वेळ कुठे जातो? नीट इंडेक्स (हवी ती ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) असलेली डेटाबेसची विचारणा एका मिलिसेकंदाच्या आत होते. नेटकं लिहिलेलं पीएचपी २० ते ५० मिलिसेकंदांत पान देतं. वर्डप्रेसवर पंचवीस-तीस प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) चढवले की हाच आकडा अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो, कारण त्यातला प्रत्येक प्लगइन प्रत्येक पानाला आपलं काहीतरी करतोच, मग त्या पानाला त्याची गरज असो वा नसो.

इंडेक्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आमची साइट पहिल्या वर्षी छान चालायची’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तोच असतो. देवघेवीचं टेबल रोज वाढतं. पाच-सहा वर्षांत पाच लाख ओळी सहज होतात. ‘सभासद क्रमांक ८१७ कडे सध्या कोणती पुस्तकं आहेत’ असं विचारलं आणि सभासद क्रमांकावर इंडेक्स नसेल, तर डेटाबेस पाचही लाख ओळी वाचतो. इंडेक्स असेल तर झाडासारख्या रचनेतून तीन-चार उड्यांत नेमक्या ओळींवर जातो. चाचणी करताना टेबलात पन्नास ओळी असतात, तेव्हा दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून काम ताब्यात घेताना खोट्या का होईना, पण लाखभर नोंदी भरून साइट दाखवायला सांगा.

इंडेक्सलाही मर्यादा आहे. पुस्तकाच्या नावात कुठेही ‘शिवाजी’ आलं तर दाखव, असा शोध साध्या इंडेक्सने होत नाही. इंडेक्स शब्दकोशासारखा सुरुवातीपासून लावलेला असतो, मधल्या अक्षरावरून तो उघडता येत नाही. वीस हजार पुस्तकांत सगळ्या ओळी चाळल्या तरी चालतं. दोन लाखांत फुल-टेक्स्ट इंडेक्स, म्हणजे नावातल्या प्रत्येक शब्दाची सूची, घ्यावा लागतो.

दुसरी नेहमीची चूक: यादीच्या पानावर पन्नास पुस्तकं दाखवायची आहेत. प्रोग्राम एकदा पन्नास पुस्तकं मागवतो आणि मग प्रत्येकाचा लेखक वेगवेगळा विचारतो. एकूण ५१ विचारण्या. हेच काम दोन टेबलं जोडून एका विचारणीत होतं. डेटाबेस त्याच मशीनवर असेपर्यंत हे खपून जातं. दुसऱ्या मशीनवर गेला की प्रत्येक विचारणीला जाण्यायेण्याचा वेळ पडतो आणि पान अचानक रेंगाळतं. कोड एका अक्षराने बदललेला नसतो, म्हणून कारणही सापडत नाही.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. एकाच सभासदाच्या पाठोपाठच्या दोन मागण्या सर्व्हरच्या लेखी दोन अनोळखी माणसांच्या. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुलीने यावर कुकीचा उपाय काढला: सर्व्हर पहिल्या उत्तराबरोबर एक छोटी चिठ्ठी देतो, ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक मागणीला परत दाखवतो. लॉगिनच्या वेळी या चिठ्ठीवर फक्त एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक असावा. सभासद कोण, त्याचे अधिकार काय, हे सगळं सर्व्हरवरच्या सेशनमध्ये, म्हणजे त्या क्रमांकाच्या तात्पुरत्या नोंदीत, राहतं. चिठ्ठीवरच ‘हा ग्रंथपाल आहे’ असं लिहून ठेवणारे प्रोग्राम अजून दिसतात. ब्राउझरमधली कुकी कुणालाही बदलता येते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पीएचपीत सेशनचं आयुष्य मूळ सेटिंगमध्ये १४४० सेकंद असतं, म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर ते कधीही झाडून टाकलं जाऊ शकतं. कर्मचारी नवीन खरेदीतल्या पुस्तकाचा मोठा फॉर्म भरता भरता काउंटरवर जातो, अर्ध्या तासाने येऊन ‘जतन करा’ दाबतो आणि समोर लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. दोष कर्मचाऱ्याचा नाही. ती मुदत वाढवायची राहिली आहे.

आतापर्यंत वाचण्याबद्दल बोललो. लिहिणं जास्त नाजूक असतं. वाचण्याच्या मागणीला गेट म्हणतात, काहीतरी बदलण्याच्या मागणीला पोस्ट. ‘आरक्षण रद्द करा’ ही साधी गेट लिंक म्हणून ठेवली, तर सर्च इंजिनचा बॉट (पानं आपोआप उघडत फिरणारा प्रोग्राम) किंवा लिंका आधीच उघडून ठेवणारा ब्राउझर सगळी आरक्षणं रद्द करून जाऊ शकतो. पोस्ट झाल्यावर सर्व्हरने लगेच पान दाखवू नये. ३०३ हे उत्तर देऊन ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवावं. असं केलं नाही तर सभासद रिफ्रेश करतो आणि तीच पोस्ट पुन्हा जाते. एका वर्गणीच्या दोन नोंदी झालेल्या दिसल्या तर आधी हे तपासा.

आणि शेवटच्या प्रतीचा प्रश्न. पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे, दोन सभासद एकाच क्षणी ‘आरक्षित करा’ दाबतात. दोन कामगार प्रोसेस एकाच वेळी डेटाबेसला विचारतात, शिल्लक किती? दोघांना उत्तर मिळतं, १. दोघेही आरक्षण देतात. शिल्लक उणे १. उपाय असा की आधी विचारून मग कमी करायचं नाही. एकाच आज्ञेत सांगायचं, ‘शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकने कमी कर’, आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक बदलली तर आरक्षण मिळालं, शून्य तर नाही. चाचणीत एकच माणूस बटण दाबत असतो, त्यामुळे ही चूक साइट लोकांसमोर गेल्यावरच दिसते.

पान पूर्ण न बदलता त्याचा तुकडा बदलणं ही दुसऱ्या प्रकारची डायनॅमिकता. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पानातूनच गुपचूप मागणी पाठवायची सोय दिली. २००५ मध्ये या पद्धतीला अजॅक्स हे नाव पडलं. शोधाच्या चौकटीत तीन अक्षरं लिहिली की खाली पुस्तकांची नावं येतात, ते असं. ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा कोड मागणी पाठवतो, सर्व्हर ४० केबीच्या पानाऐवजी एक-दोन केबीचं जेसन (नुसती माहिती, मांडणीशिवाय) देतो, जावास्क्रिप्ट ते पानात बसवते. प्रत्येक अक्षराला मागणी जाऊ नये म्हणून टायपिंग ३०० मिलिसेकंद थांबलं की मगच पाठवायची. नाहीतर ‘महाराष्ट्र’ लिहिणारा एक माणूस आठ-दहा मागण्या मारतो. यापुढे जाऊन अख्खी साइटच ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने उभी करण्याची पद्धतही आहे. जीमेलसारख्या कामाला ती योग्य आहे. वाचनालयाला माझ्या मते नको. साध्या मोबाइलवर आधी कोरं पान आणि मग गोल गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं, आणि मिळतं काय, तर पुस्तकांची यादी.

गर्दीचं गणित सोपं आहे आणि ते कुणी सांगत नाही. एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये कामगारांची कमाल संख्या ५ असते. एका पानाला २५० मिलिसेकंद लागत असतील तर एक कामगार सेकंदाला ४ पानं देतो, पाच मिळून २०. तुमच्या वाचनालयाला हे भरपूर झालं. पण इंडेक्स नसलेला एखादा अहवाल ५ सेकंद घेत असेल आणि पाच जणांनी तो एकदम उघडला, तर त्या पाच सेकंदांत साइट सगळ्यांसाठी बंद. मुखपृष्ठसुद्धा उघडत नाही, कारण मोकळा कामगारच नाही. एनजिनएक्स मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद वाट बघतो आणि ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) ही चूक दाखवतो. लोक म्हणतात सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या. मोठा सर्व्हर घेऊन तोच अहवाल ५ ऐवजी ४ सेकंदांत येतो.

हेच गणित मोठ्या आकड्यांनी बघायचं तर दहावीचा निकाल घ्या. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी परीक्षेला बसतात. धरून चला, त्यातले निम्मे निकाल लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बघायला आले: साडेसात लाख भागिले ६००, म्हणजे सेकंदाला १२५० मागण्या, आणि ज्यांचं पान उघडलं नाही ते पुन्हा पुन्हा दाबणार ते वेगळेच. प्रत्येक पान २५० मिलिसेकंदांत डेटाबेसमधून बनवायचं तर एका वेळी तीनशेहून जास्त कामगार लागतील. पण जरा थांबून विचार करा: निकाल जाहीर झाल्यानंतर बदलतो का? पहिल्या दहा मिनिटांत तरी नाही. मग तो प्रत्येक वेळी नव्याने बनवायचा कशाला? आदल्या रात्री १५ लाख छोट्या फाइल बनवून ठेवा. एक फाइल ३ केबीची धरली तर सगळ्या मिळून साडेचार जीबी, पेन ड्राइव्हवर मावतील. फाइलचं नाव बैठक क्रमांक आणि आईचं नाव मिळून केलेल्या किल्लीवरून ठेवलं की दोन्ही ठाऊक असल्याशिवाय ती सापडत नाही. मग डेटाबेसचा प्रश्नच उरत नाही. फाइल वाटायला एनजिनएक्सचा साधा सर्व्हरही सेकंदाला हजारो मागण्या सहज पेलतो. बघणाऱ्याला पान डायनॅमिकच वाटतं: क्रमांक टाकला, माझा निकाल आला.

यालाच लहान प्रमाणात कॅशिंग म्हणतात. तुमच्या साइटवर ‘या महिन्याची नवीन पुस्तकं’ हे पान एकदा बनवून तासभर जपून ठेवता येईल. त्या तासात येणाऱ्यांना तयार प्रत मिळेल. काळजी एकच: लॉगिन केलेल्या सभासदाचं पान असं जपून ठेवायचं नाही. ‘नमस्कार’ या शब्दापुढे दुसऱ्याचं नाव दिसू लागलं तर कॅश चुकीच्या जागी लागला आहे, आणि नावाबरोबर त्याची वर्गणी आणि वाचनाची यादीही उघडी पडली आहे.

आता मराठी साइटची खास दुखणी. मायएसक्यूएलचं टेबल जुन्या लॅटिन-१ संकेतनात (त्यात रोमन लिपीपुरतीच चिन्हं आहेत) असेल तर मराठी मजकूर प्रश्नचिन्हं होऊन साठतो. दिसण्यातला दोष नव्हे हा, मूळ मजकूरच गेलेला असतो. नंतर संकेतन बदलून तो परत येत नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘युटीएफ८’ नावाखाली जुनं संकेतन आहे ते तीन बाइटचंच. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, आणि मग कुणीतरी अभिप्रायात हात जोडलेली इमोजी टाकतो. इमोजीला चार बाइट लागतात. सेटिंग ढिलं असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो, कडक असेल तर नोंदच होत नाही. टेबल, कॉलम आणि जोडणी, तिन्ही ठिकाणी ‘युटीएफ८एमबी४’ हवं. दोन ठिकाणी करून तिसरं विसरणं हा नेहमीचा प्रकार.

‘पुस्तक’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: प, उकार, स, हलन्त, त, क. बाइट अठरा. यादीत नाव लांबलं म्हणून पीएचपीच्या साध्या फंक्शनने ते २० वर कापलं, तर ते बाइट मोजून कापतं. अक्षराच्या मधोमध कात्री लागते आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं बहुबाइट फंक्शन वापरलं तरी उकार किंवा जोडाक्षर तुटू शकतं. नाव शब्दाच्या अंती कापणं सगळ्यात सुरक्षित. तसंच ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी. डोळ्याला सारखंच, डेटाबेसला वेगळं. नोंद एका पद्धतीने आणि शोध दुसऱ्या पद्धतीने झाला की पुस्तक कपाटात असून साइटवर ‘सापडलं नाही’. नोंद करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचं. सभासद क्रमांकाच्या चौकटीत कुणी ‘८१७’ असे मराठी आकडे टाकले तर पीएचपी त्याचं पूर्णांकात रूपांतर शून्य असं करते. आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घेणं दोन ओळींचं काम आहे.

घड्याळ हेही. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख असते. रात्रीचा विलंब शुल्काचा हिशोब एक दिवस चुकतो तो याच खिडकीत.

सुरक्षेचं मोजकंच सांगतो. स्टॅटिक फाइलला कुणी काही विचारू शकत नाही. डायनॅमिक पान बाहेरच्या माणसाने लिहिलेलं ऐकून घेतं, म्हणून धोका. लॉगिनच्या चौकटीत एक अवतरण चिन्ह आणि पुढे ‘किंवा १=१’ अशा अर्थाचा मजकूर टाकला आणि प्रोग्रामने तो तसाच डेटाबेसच्या आज्ञेला चिकटवला, तर अट कायम खरी ठरते आणि दार उघडतं. यावर उपाय प्रीपेअर्ड स्टेटमेंट: आज्ञा आधी पाठवायची, मजकूर नंतर वेगळा, म्हणजे तो मजकूरच राहतो. अभिप्रायात कुणी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) टाकली तर ती पानावर छापताना निष्प्रभ करून छापायची. पासवर्ड कधीही जसाच्या तसा साठवायचा नाही. ‘पासवर्ड विसरलात’ दाबल्यावर तुमचाच जुना पासवर्ड ईमेलने आला, तर तो वाचता येईल असा साठवला आहे. ते काम परत पाठवा.

आता तुमच्या वाचनालयाला काय लागेल ते. वेळापत्रक, कार्यकारिणी, वर्गणी आणि अनामतीचे दर, कार्यक्रमांचे फोटो हे महिन्यातून एखाद्या वेळी बदलतं. त्याला स्टॅटिक पानं पुरतात. होस्टिंग नगण्य खर्चात होतं, फुटण्यासारखं काही नसतं आणि दोन वर्षं कुणी लक्ष दिलं नाही तरी चालू राहतं. जाहीर सूचना कर्मचाऱ्यांना स्वतः टाकायच्या असतील तरच वर्डप्रेसचा विचार करा, आणि मग दर महिन्याला अपडेट करणारा माणूस नेमा. अपडेट न केलेली वर्डप्रेस साइट काही महिन्यांत दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती दाखवू लागते.

पुस्तकांचा शोध आणि आरक्षण मात्र डायनॅमिकच हवं. पण ते कुणाकडून शून्यापासून लिहून घेऊ नका. कोहा ही ग्रंथालयासाठीची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झाली आणि भारतात अनेक ठिकाणी चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. वर सांगितलेली शेवटच्या प्रतीची, सेशनची, देवघेवीच्या टेबलाची दुखणी तिथे आधीच कुणीतरी भोगून निस्तरलेली आहेत. तुमचा पैसा दाखल नोंदवही नीट मराठीत टंकून घेण्यावर खर्च करा. वीस हजार नोंदींचं ते काम कुठल्याही प्रोग्रामपेक्षा मोठं आहे.

दर सांगणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा: डेटाबेसचा बॅकअप रोज कुठे जातो, आणि तो परत चढवून कधी पाहिलाय का? डोमेन कुणाच्या नावावर राहील? बॅकअपच्या प्रश्नावर ‘होस्टिंगवाले घेतात’ असं उत्तर आलं, तर फक्त स्टॅटिक साइट त्याच्याकडून करून घ्या.